शेवटच्या सीटपर्यंत

पावणेपाचला सोहारच्या डेपोत
मी चाकांवर हातोडी वाजवत फिरतो.
म्हसळ्याच्या बाजारात मडकं घेण्याआधी
बोटाने टकटक करून ऐकतात,
तसा कान देऊन, सहाही चाकं.

त्या मंगळवारी सहाही नीट बोलली होती.
हे मी नंतर तीनदा लिहून दिलं.

सहम सोडलं, साडेसहा वाजले असतील,
मागे उजवीकडे धाडकन झालं
आणि बस एका कुल्ल्यावर बसली.
मोठं स्टिअरिंग मला ज्याने शिकवलं तो गुल नवाज म्हणायचा,
टायर फुटला की पायाला कुलूप, हाताला पकड.
ब्रेक तेव्हा भुकेला असतो,
त्याला काही देऊ नकोस.
मी दिलं नाही.
काटा म्हाताऱ्यासारखा जिना उतरत गेला,
ऐंशी, साठ, थोडं थांबून चाळीस.
डावीकडून सिमेंटचा ट्रेलर भोंगा ओढत गेला
आणि आम्ही वाळूत टेकलो.

मागे कुणी रडलं नाही.
ती शांतता मला आवडली नाही.

शैजाने दोरी काढली.
सत्तावीस गाठींची, तिनेच कण्णूरहून आणलेल्या काथ्याची.
एकेका पोराला एकेक गाठ.
दप्तरं राहू देत. बाटल्या घ्या. उजव्या दाराने.
कठड्यापलीकडे, त्या बोरीच्या झुडपापर्यंत,
आणि तोंडं रस्त्याकडे, पाठ नाही.
मी त्रिकोण घेऊन मागे धावलो, शंभर पावलं,
धूळ इतकी की नव्वदाव्या पावलाला बस दिसेना.

परत येऊन मोजली.
सव्वीस.
पुन्हा मोजली.
तिसऱ्यांदा मोजताना माणूस खोटं मोजू लागतो,
आकडा जुळावा म्हणून.
तेव्हा मी मोजणं सोडलं आणि दोरी पाहिली.
मधेच एक गाठ मोकळी लोंबत होती.

ऋषिन दहाव्या सीटखाली पालथा होता.
"अंकल, दाँत गिर गया. मिल नहीं रहा."
मी ओरडलो.
स्वतःच्या पोरीवर कधी इतका ओरडलो नाही,
तितका जवळ नव्हतोच कधी.
मग त्याला काखोटीला मारून उतरलो.
तो हुंदके देत माझ्या कॉलरला रक्त पुसत राहिला.

दुसरी बस पन्नास मिनिटांनी आली.
ऑफिसात फॉर्म. जखमी : शून्य.
गहाळ वस्तू : ही ओळ मी रिकामी सोडली.

शेवटच्या सीटच्या मागे एक लाल बटण आहे.
इंजिन बंद करून तिथपर्यंत चालत जाऊन दाबलं नाही
तर बस बोंबलते.
नवे ड्रायव्हर धावत जातात, दाबतात, चहाला पळतात.
मी वाकून जातो, प्रत्येक सीटखाली टॉर्च मारत.
झोपलेलं पोर बटणाला दिसत नाही.
आणि सप्टेंबरातल्या या पत्र्यात अर्धा तास
मला मनातसुद्धा पुरा करवत नाही.

बस दुरुस्त होऊन आली त्या संध्याकाळी
दहाव्या सीटच्या पट्टीत तो सापडला.
तांदळाच्या कणीएवढा.
आमच्याकडे पडलेला दात कौलावर टाकतात.
सफूराचे सगळे तिच्या मामाने टाकले,
मला फोनवर फक्त फट दिसायची,
दर दोन महिन्यांनी जागा बदललेली.

सकाळी कागदाच्या पुडीत घालून दिला.
ऋषिनने उजेडात धरला, जिभेने आपली फट चाचपली.
"ये मेरा नहीं है. मेरा बड़ा था."

मग कुणाचा?
शैजा म्हणाली, दाखवा सगळ्यांनी.
आरशात पाहिलं तर मागे ओळीने उघडी तोंडं,
फटी, तारा, किडके, नवे करवतीसारखे,
एकाचा जीभ दाखवायचा चावटपणा.
दाताचा धनी काही मिळाला नाही.

पण तोंडं सत्तावीस होती.
मी हँडब्रेक सोडला.