साठ हजार, चाकांसकट

यासीनभाय म्हणतो, चाकांसकट साठ.
चाकं मी पाहिली: दोन वाळूत रुतलेली आसापर्यंत,
तिसऱ्यात हवा नाही,
चौथ्याच्या जागी जांभ्याचे तीन चिरे.

पुण्याच्या कुणा पार्टीने दोन हंगाम
केळशीच्या खाडीकाठी पाहुणे झोपवले हिच्यात,
चहाचे पैसे वेगळे लावून.
मग वादळात ही सुरूच्या बुंध्याला टेकली
आणि पार्टीने फोन उचलणं सोडलं.
रंग निळा. म्हणजे होता.
समुद्राकडची बाजू आता
भाजलेल्या बांगड्याच्या पाठीसारखी.

जांभारकरांच्या सुऱ्याला आणलंय मी,
शंभर रुपये आणि येण्याजाण्याची रिक्षा.
बोटींच्या पोटाखाली वेल्डिंग करण्यात जन्म गेला त्याचा,
फार बोलत नाही, हातोडीने विचारतो.
उताणा सरकला गाडीखाली.
ठण्ण. ठण्ण. ठण्ण.
मग दाराजवळ कुठेतरी
भद्द,
पिकल्या फणसावर थाप पडावी तसं.
'कापायला झालाय, बाय,' तो खालून म्हणाला.

मी आत.
प्लायवूड फुगलेलं, पालीची दोन अंडी,
मोरीत एक कुर्ली, जिवंत,
मला बघून तिरकी झाली.
खाडीकडची खिडकी उघडत नाही,
रस्त्याकडची मिटत नाही.
छताला ओल. तिच्या कडेने कुणीतरी
पेन्सिलीने रेघ मारून तारीख घातलेली.
म्हणजे ओल किती सरकते ते मोजणारं
माणूस राहून गेलंय इथे.
डाग रेघेच्या बाहेर चार बोटं आला आहे.

हिशेब रात्रीच मांडला होता,
अंगणवाडीच्या जुन्या हजेरीपटाच्या पाठीवर.
मदतनीस म्हणून सुटले तेव्हा हातात पंचाहत्तर.
साठ याचे. पत्रा, रबर, सळ्या, सुऱ्या म्हणेल ते.
क्रेन मंडणगडहून, तिचं भाडं ऐकून आधी पाणी प्यावं.
भंगारात घातलीच तर पंचवीस-तीस सुटतील,
तेवढी खात्री आहे,
वरचे पैसे कशाचे, ते ठरायचंय.

ठेवणार कुठे, भावाने विचारलं,
जेवताना, आमटीच्या वाटीकडे बघत.
त्याला माहीत आहे. सात-बारावर माझं नाव होतं,
आई गेल्यावर हक्कसोडीवर सही केली मी,
दापोलीला नेलं त्याने, येताना आइस्क्रीम खाऊ घातलं,
पिस्त्याचं.
खोली आहे अजून माझी त्या घरात.
तिच्यात भाताची पोती, भाचीचं शिलाई मशीन, इन्व्हर्टर,
आणि मी.
कडी बाहेरून.

खालच्या पाखाडीत नूरजहाँआपाची वाडी पडीक आहे.
नारळ राखायला कुणी हवंय तिला.
'घर बांधू नको गो,' म्हणाली,
'कुवेतहून पोरं भांडत येतील.
चाकं असलेलं काय ते आण.
चाकांना कोण काय बोलणार?'
म्हणून मी ती चार चाकं
पुन्हा एकदा जाऊन मोजली.
तीनच भरली.

सुऱ्या बाहेर आला, केसांत गंज.
'घेऊ नको.'
मग बिडी अर्धी झाल्यावर:
'घेतलीस तर दाराखालची पट्टी अख्खी बदलायची.'
यासीनभाय भरतीकडे बघत होता,
त्याची होडी पलीकडे बांधलेली.

म्हटलं, थांबा, एकदा दार लावून बघते.
खरवडत आलं ते, ढुंगणाने ढकलावं लागलं.
आतल्या अंगाला पितळेची कडी,
एवढ्या सगळ्यात ती एकटी न गंजलेली.
बसली. अलगद.

तशीच उभी राहिले.
कुर्ली मोरीत, मी इथे.
बाहेर दोघे काहीतरी बोलत होते पापलेटच्या भावाचं,
मला कुणी हाक मारली नाही,
काही आण म्हणालं नाही.
किती वेळ, ते नाही सांगता येणार.

मग उघडलं. तोंड जमेल तेवढं वाकडं केलं.
'दारच धड नाही, यासीनभाय,' म्हटलं,
'पंचेचाळीस.'