खांबाचा खड्डा

जेठातली गोष्ट. अमरावतीहून तार आली:
निजामाचा वकील येईल, जागा पाहून ठेवा.
कोर्टातला नव्हे. जुन्या अर्थाचा वकील,
दरबाराचा शब्द घेऊन दुसऱ्याच्या ओसरीत बसणारा.
इंग्रज निघाला होता. वऱ्हाड कोणाच्या नावे लागेल
ते तारेत नव्हतं.

मी फक्त टेप घेऊन गेलो.

पैनगंगेकाठचा डाकबंगला. तीन खोल्या,
एक पंखा, तोही दोरीचा.
दप्तर उत्तरेला. वकिलाची निजायची खोली नदीकडे,
म्हणजे उठल्याबरोबर त्याला आपला मुलूख दिसावा.
(चुना दोन पोती. उंबऱ्याला वाळवी.)
खुर्च्या दोन, सारख्या उंचीच्या,
असं पत्रात दोनदा लिहिलं होतं.
बावणे सुतार म्हणाला, सागवान एकाच खुर्चीपुरतं आहे,
दुसरी आडजात करू, वरून पॉलिश सारखंच.
हे मी टिपून घेतलं नाही.

मग निशाणांचे खांब.
एकाची सावली दुसऱ्यावर पडता कामा नये,
सकाळी नाही, दिवस कलल्यावरही नाही.
दिवसभर उन्हात मी खुंट्या सरकवत राहिलो
आणि चौकीदार डोमाजी मागे पाण्याची गडवी घेऊन.
"सायेब, उन्हाया सरला का सूर्य बी सरकते जी."

त्याची बायको सुभद्रा पलीकडची.
माहेर तिने हात लांब करून दाखवलं:
दोन बाभळी, मग देवळाचा कळस.
नदीला तेव्हा पाणी घोट्याएवढं.
"पंचमीले भावाकडं जाचं असन,
तं ह्या मानसाले इचारा लागन का?"
मी म्हणालो, अजून नियम आले नाहीत.
ती हसली नाही.
भाकरी मात्र वाढली, वर अंबाडीची भाजी.

खड्डे खणले दोन, तीन-तीन फूट.
नकाशा रंगवला. फाईल गेली.
वकील आला नाही.
का, ते मोठ्या लोकांना ठाऊक;
आम्हाला एवढंच कळलं की खर्च नामंजूर,
सव्वाअकरा रुपये.

पुढे सरकार बदललं, मग तेही बदललं,
राजधानी बदलली, माझ्या पगारपत्रकावरचा शिक्का बदलला.
दर वर्षी मास्तरांकडून लिहून घेतलेलं एक कार्ड यायचं:
"एका खड्ड्यात बकरीचं पिल्लू पडलं होतं, काढलं.
बुजवू काय? हुकूम व्हावा."

असा हुकूम कोणी द्यायचा, मी शोधत राहिलो.
खणायला सांगणारं राज्यच जागेवर नव्हतं.
निवृत्तीच्या दिवशी शेवटचं कार्ड फाईलला लावलं
आणि समासात लिहिलं: पाहिले.