खुर्ची पालथी करून

पाँटोटॉक गावाच्या बाहेर, हायवेला लागून
आधी गाद्यांचं दुकान, मग टायरचं, मग हे.
व्हर्लीन हॅचर आत शिरते
नवऱ्याला गाडीतच बसवून, काच चार बोटं खाली.
मिसिसिपीतला ऑक्टोबर. तरी उकडतंय.

विक्रेता पोरगेला. छातीवर नाव : कोल्बी.
"बसून तर बघा, मॅडम,
ढगावर बसल्यासारखं वाटेल."
ती बसत नाही.
खुर्चीच्या कानाशी वाकून वास घेते,
मग खुर्चीच्या हातावर नख दाबते
आणि वाट बघते.
खरं कातडं सुरकुततं आणि विसरतं.
भुकटी चिकटवून केलेलं काहीच विसरत नाही,
तिसऱ्या उन्हाळ्यात सोलून निघतं.

"हिला जरा पालथी कर."
"काय?"
"पालथी. पोटावर."
मालक जेवायला गेलेत. कोल्बी दाराकडे बघतो,
आणि खुर्ची पाय वर करून
दुकानाच्या झगझगाटात लाजल्यासारखी पडते.

एकतीस वर्षं
व्हर्लीननं खुर्च्यांची पाठच पाहिली.
टेबलावर कातडं यायचं, थंडगार,
गाईला कुंपणाची तार लागली होती
तिथल्या ओरखड्यासकट.
इंचाला सहा टाके. कोपऱ्यावर सात,
कारण कोपऱ्यावर पोरं चढतात.
खुर्चीमागे इतके इतके सेंट.
अंगठ्याच्या बुडाशी सुई एकदा आरपार गेली,
तिथे गाठ आहे, हवा बदलली की दुखते.
स्वतःला बसायला स्टूल. पाठ नसलेलं.

अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात.
ओडेलला आता अंथरूणच सोसत नाही.
आडवा झाला की बुडाल्यासारखा उठून बसतो.
तीन उशा, मग चार, मग स्वयंपाकघरातली खुर्ची,
डोकं टेबलावर,
सकाळी गालावर टेबलक्लॉथची जाळी उमटलेली.
आडवं नको, ताठ नको :
डॉक्टरीणबाईंनी तळहात तिरका धरून दाखवला तो कोन
व्हर्लीननं मनगटात जपून आणलाय.

अस्तराच्या कडेखाली ती दोन बोटं सारते.
पट्टे, स्प्रिंगा, लाकडावर खडूनं लिहिलेला आकडा.
डोळे मिटून शिवण चाचपते.
इथे दोरा संपला होता.
नवा लावताना तीन टाके मागे घेतलेत.
म्हणजे कुणीतरी घाईत नव्हतं,
किंवा घाईत होतं आणि तरीही.
कुठल्या देशात, ते चिठ्ठीवर छापलंय,
चष्मा गाडीत राहिला.
"बरा आहे गं हात तुझा," ती पुटपुटते.
कोल्बीला वाटतं, त्यालाच काही म्हणाली.

किंमत विचारते. पुन्हा विचारते,
दुसऱ्या खेपेला कमी सांगेल अशा बेतानं.
बटणवाली हवी तर नऊशे डॉलर जास्त.
"दांड्याचीच बघते. पण त्याला ओढता यायला हवा,
मी घरात नसताना."
'नसताना' म्हणताना तिचा आवाज घसरतो,
कोल्बी उगाच गालिचा पायानं सारखा करतो.

मग ओडेल येतो, दारापासून खुर्चीपर्यंत
दोनदा थांबून, दोन्ही वेळा
काहीतरी बघायला थांबलो असं दाखवत.
बसतो. एका हातानं दांडा हलत नाही.
दोन्ही हातांनी ओढतो : खट्.
बूट वर येतात, एकाची नाडी सुटलेली.
तो छताकडे बघतो.
"इथे पंखा लावायला हवा होता," म्हणतो
आणि मग काहीच म्हणत नाही.

कोल्बी हप्त्यांचा कागद घेऊन पुढे येतो.
व्हर्लीन बोट वर करते.
ओडेल घोरतोय. संथ, खोल,
मार्चपासून न ऐकलेलं घोरणं.

शेजारच्या खुर्चीवर, किमतीची चिठ्ठी बाजूला सारून,
ती टेकते, अगदी कडेला,
स्टूलवर बसायची तशी.
"दुकान बंद कधी होतं, बाळा?"
"सहाला."
भिंतीवर सव्वाबारा.
"बरं," ती म्हणते.
आणि जरा मागे सरकते.