पोच

ऑफिस म्हणजे डहाणूकर कॉलनीत
सायकलच्या दुकानावरच्या दोन खोल्या.
टेबलाखाली, चपलांच्या शेजारी, वेताळ:
टेकडीवरून नाव ठेवलेला जुना संगणक.
आमचा कोड राहतो परदेशात, भाड्याच्या जागेत;
त्यातल्या चुका मात्र घरच्या घरीच काढायच्या,
असा दाणीसाहेबांचा आग्रह.

तर दोघांची गाठ घालून द्यायची होती.
मंगळवारी रात्री बसले.
तिकडून दार वाजणार, इकडून कडी निघणार,
एवढंच काम. पण कडीला सतरा अटी.
पत्ता द्या, किल्ली द्या,
परवलीचा शब्द दोन्हीकडे सारखा हवा.
शब्दाच्या शेवटी एक मोकळी जागा चिकटली होती,
तिने अडीच तास खाल्ले.

समोरच्या सोसायटीच्या गेटवर बनसोडे
पार्सलवाल्या पोराला विचारत होते,
कुठून आलास, कुणाकडे, नंबर सांग.
मीही तेच करत होते,
फक्त माझा पोरगा दिसत नव्हता.

पावणेदोनला पोच आली. हिरवी. दोनशे.
एकटीनेच टाळी वाजवली.

मग वेताळ बोलायला लागला.
चार वर्षांचे जुने शेरे ओढून घेतले त्याने
आणि नवेच समजून
ज्याचे त्याला पुन्हा पाठवले.
वायर उपटेपर्यंत सहाशे बारा गेले होते.

त्यात एक माझा.
इरफान अत्तारला, त्याच्या तिसऱ्या आठवड्यात:
“हे नाव कुणी ठेवलं? विचार करून लिहीत जा.”
बत्तीस ओळींतल्या एका ओळीवर.
बाकीच्या एकतीस बऱ्या होत्या,
त्याबद्दल कुठे काही नव्हतं.
आई म्हणायचीच, हिला बुद्धी आहे, पोच नाही.

इरफान आता हिंजवडीत, मोठ्या कंपनीत.
जुना पत्ता अजून त्याचाच असेल असं वाटलं नव्हतं.
सकाळी सव्वानऊला उत्तर:
“मॅडम, तेच नाव आहे का अजून?
आता मीपण नाही ठेवणार तसं.”
आणि एक ओळ सोडून:
“वेताळला अजून सगळ्यांचे पाय लागतात का?”

उघडून पाहिलं. तेच नाव.
चार वर्षं त्याच्यावर पगाराचे हिशेब
बिनबोभाट चालले होते.

बाहेर कुणाची तरी टाकी भरून वाहत होती;
उद्या गुरुवार, पाणी बंद,
म्हणून सगळे आजच भरून ठेवत होते.

लिहिलं, राहू दे. खोडलं.
सातव्या ओळीशी गेले, लिहिलं,
हे छान जमलंय.
शेवटची मोकळी जागा काढली, पाठवलं,
आणि पाय जरा मागे घेतले.