दोन अक्षरं

खैरानी रोडला रमणीकभाईंच्या दुकानात
मी रेडियम कापतो. अठरा वर्षं झाली.
नंबरप्लेटा, देवांची नावं, उलटी अँब्युलन्स.
इंग्रजी मला येतं ते मापात:
आय बारीक, एम रुंद,
डब्ल्यू आला की रोल जास्त जातो.

चैत्राली शाळेतून थेट इथेच येते,
रिकाम्या खोक्यावर वही पसरते.
आज फोन्सेका मिसनी दिलंय,
शब्दाच्या तोंडाशी काय काय लावता येतं ते.
अन. री. डिस. प्री. मिस.
"मिस म्हणजे चुकीचं," ती सांगते, आणि एकटीच हसत बसते.

हॅपीला अन लावला की तोंड पडलं.
ऑर्डरला डिस लावला की आपलं दुकान.
"पप्पा, मूळ शब्द जागचा हलत नाही हां.
फक्त त्याच्याआधी कुणीतरी येऊन उभं राहतं."

म्हटलं, आपल्यातही असतंय की.
वारसाच्या आधी बे. हजरच्या आधी गैर.
पासच्या आधी ना.
तो माझ्या दहावीच्या कागदावर होता,
इंग्रजीच्याच ओळीत.
हे शेवटचं मी बोललो नाही.

मी सेफला डिस लावून पाहिला.
"असं नसतं, पप्पा."
मग कसं असतं?
"ते ठरलेलं असतं."
कुणी ठरवलं, ते तिच्या पुस्तकात नाही.

सेफला काय लागतं ते मला माहीत आहे.
भटवाडीच्या चढावर ती चार मजल्यांची सुखदा,
गेटवर बोर्ड: बिल्डिंग सेफ आहे.
पुन्हा तपासणी झाली, ठेकेदार आला, म्हणाला,
नवा बोर्ड कशाला, डावीकडे जागा आहे,
दोन अक्षरं चिकटवून टाक.
पाच इंची, लाल. चाळीस रुपये.
शिडीवर होतो तर पहिल्या मजल्यावरच्या बाईंनी
कुरडया उलटवता उलटवता विचारलं,
काय लिहिताय हो?
काही नाही, दोनच अक्षरं.
"मग ठीक," त्या म्हणाल्या. "आम्हाला वाटलं नोटीस."

परवा त्या बाजूला गेलो होतो.
कुणीतरी नखांनी खरवडून खरवडून अन काढलाय.
बोर्ड पुन्हा सेफ.
पण डिंक कुठे जातोय.
त्यावर रस्त्याची धूळ बसलीय,
नेमकी यूच्या आकाराची, नेमकी एनच्या.
माझ्या ब्लेडनंसुद्धा इतकी साफ कड येत नाही.
गॅलरीत कुरडया नव्हत्या,
दोरीवर धुतलेल्या दुधाच्या पिशव्या होत्या, पाच-सहा.
ठेकेदाराचा फोन आला, काम कसं आहे?
म्हटलं, आहे.

चैत्रालीचा एकच रकाना राहिलाय.
"री म्हणजे परत. परत काय लिहू?"
"रीडेव्हलपमेंट," रमणीकभाई गल्ल्यावरून म्हणतात.
सध्या रोज कापतो तो शब्द,
अक्षरावर पैसे, म्हणून त्यांचा लाडका.
"स्पेलिंग?"
तेवढं मला न बघता येतं.
ती पेन्सिलीला टोक करून तयार.
आर, सांगतो. ई, सांगतो.
आणि तिथे मध्येच
हात उगाच पुसत राहतो फडक्याला.
"पुढे, पप्पा?"