सात आणि सहा

माझं डावं पाऊल सात नंबरचं, उजवं सहा.
नवव्या वर्षी उजवा पाय तीन महिने प्लास्टरमध्ये होता,
तेवढ्यात डावा पुढे निघून गेला.
चपलांच्या दुकानात हे सांगावं लागतं
डॉक्टरला सांगावं तसं, हलक्या आवाजात.

मेन रोडवरचा बोथरा म्हणाला, ताई, जोड म्हणजे जोड.
तुम्हाला एक सात, एक सहा दिला
तर उरलेला मी कुणाच्या गळ्यात मारू?
बरोबरच होतं त्याचं.
मी मुद्दाम संध्याकाळी गेले होते,
दिवसभर काउंटरला उभं राहून पाय सुजतात,
डोंगरावरही सुजणारच.
तळ अंगठ्यानं दाबून पाहिला, मधोमध वाकवून पाहिला,
तीन पट्टे हवेत म्हटलं, टाचेमागचा सुटणारा,
आणि बोटांपुढे रबराची भिंत.
दुकानाच्या पायरीवर चवड्यांवर उभी राहिले.
पोऱ्या हसला. हसू दे.
सातचा जोड घेतला. सातात सहा मावतं,
उलटं होत नाही.

शालिमारला सुकदेव अहिऱ्यांनी उजव्या सँडलच्या टाचेत
सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवला,
वर कडेनं चार टाके, मेण लावलेल्या दोऱ्याचे.
म्हणाले, आठवडाभर घरात घाला,
भांडी घासताना, जिना उतरताना.
पट्ट्याची आणि कातडीची ओळख होऊ द्या.
भिजल्या तर उन्हात नका टाकू, सोल्युशन सुटतं.
सावलीत बसवा, माझ्यासारखं.

रामशेज झाला, धोडप झाला.
वेल्क्रोत कुसळं भरायची,
ती मी रविवारी रात्री बातम्या बघत सुईनं काढायची.
पावलांवर तीन पांढरे पट्टे उमटले,
बँकेत साडीखालून दिसत,
आणि खैरनार मॅडम म्हणत, आला झेब्रा.
उजवा पाय मात्र उतरणीवर पुढे सरकायचाच.
ट्यूबचा तुकडा त्याच्या परीनं धरून ठेवायचा.

मग अंजनेरी. मार्गशीर्षातला शनिवार.
अंजनीमातेच्या देवळाबाहेर पंधरा-वीस जोड,
त्यात माझ्याच कंपनीचा, माझ्याच राखाडी रंगाचा
आणखी एक.
पाहिला होता मी. आत जाताना पाहिला होता.
बाहेर आले, पट्टे लावले, चालू लागले,
आणि दहाव्या पावलाला कळलं
की काहीच होत नाहीये.
काही सरकत नाही, काही घासत नाही,
डावा पोचला की उजवाही पोचतोय.
खाली बसून उजवी काढली. तळाला सहा.
ट्यूब नाही, टाके नाहीत.

पठारावर, तळ्याच्या अंगाला,
लाल टोपीवाली एक मुलगी चालली होती.
फार लांब नव्हती, हाक पोचली असती.
उजवा पाय जरा आपटत होती का?
वाऱ्यानं गवत हलत होतं, नीट दिसलं नाही.
नीट पाहिलंही नाही.

ते तळं म्हणे मारुतीच्या पावलाचं.
एकच पाऊल.
दुसऱ्याचं माप कुणी विचारत नाही.

मी स्वतःला सांगितलं, असेल तिचाही उजवा पाय सातचा,
असतात अशी माणसं, मी नाही का.
सांगितलं, तुकडा आहे ना टाचेत,
तो धरेल तिला उतरणीवर.
आणि उतरले. कुठेही न थांबता,
फाट्यावर त्र्यंबकची बस लगेच मिळाली,
खिडकीसुद्धा.

त्यानंतर चारदा जाऊन आले.
देवळाबाहेर आधी जोड बघते, मग देव.
परवा डाव्याचा पट्टा उसवला म्हणून शालिमारला गेले,
उजवी पिशवीतच ठेवली.
सुकदेवनी दोरा ओवता ओवता विचारलं,
तो तुकडा टिकला का हो?
म्हटलं, टिकला.

टिकला असणार.