टप की झाकण

पोकाटेलोत, दुकानाच्या आवारात,
ऑरिन टेप लावून तिसऱ्यांदा पिकअपचा हौदा मोजतो.
सहा फूट सात इंच. काल होता तेवढाच.

दुकानदार म्हणतो, सपाट झाकण घ्या,
तीन घड्यांचं, कुलूपवालं.
वारा वरून निसटतो, पेट्रोल वाचतं,
आरशात मागचा रस्ता दिसतो.
टप म्हणजे पाठीवर खोलीच:
बर्फ झाडा, काचा पुसा,
आणि कधी उतरवायचा झाला तर चार माणसं बोलवा.

ऑरिनला आता उंच काय न्यायचंय?
फ्रीज आणून झाला. मुलाचं बिऱ्हाड कधीच हललं.
तो झाकणावर हात ठेवतो. गार, काळं, गप्प.

गाडीतून मार्लिस काच खाली करते.
"माझी खुर्ची आडवी घालणार ना तू त्यात?"
"घडी करून. मावते. मोजलंय."
"मोजलंस खरं," ती म्हणते,
"पण आडवी मी असतेच की दिवसभर.
तिला तरी उभी राहू दे."

दुकानदार उगाच बुटाने खडी सारखी करतो.
ऑरिनच्या हातून टेप सुटते,
सर्रकन आपल्या डबीत शिरते.

टपाला बाजूने खिडकी असते का,
तो विचारतो,
उघडणारी?
रंगाचं मग बघू.